आपल्या रानात परक्याची गाडी



आज एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे, मोटारगाडी. आणि तीही आपली नव्हे, परक्याची.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, परक्याच्या गाडीशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. आता रस्ते गावोगावी झाले. रात्री-अपरात्री गाड्या येतात-जातात. एखादी गाडी कुणी आपल्या रानात, खळ्यावर, घराच्या आवारात सोडून जातो. सकाळी उठून बघावे तर गाडी उभी. मालकाचा पत्ता नाही. अशा वेळी काय करावे? ते ज्याला ठाऊक नसते तो उगाच अडचणीत येतो. ज्याला ठाऊक असते तो स्वतः सुखात राहतो आणि दुसऱ्याचेही भले करतो.

चार जणांचे चार सल्ले

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस पडून गेला होता. रानाला वाफसा आला होता. आमच्या गावचे एक शेतकरी पहाटे बैल आणि पाभर घेऊन रानात गेले. त्यांना आपण आबा म्हणू. आबा पाहतात तो काय, विहिरीजवळ एक पांढरी मोटार उभी! चाके चिखलात रुतलेली. बांध एका जागी फुटलेला. जवळपास चिटपाखरू नाही.

तासाभरात दहा-बारा माणसे जमली. माणसे जमली म्हणजे सल्ले आलेच.

एक पोरगा म्हणाला, "आबा, बॅटरी नवी दिसतीय. काढून घ्या. उगंच कुणीतरी नेणारच."

दुसरा म्हणाला, "ट्रॅक्टर लावू अन् ओढून डांबरीवर सोडू. मग आपला काय संबंध?"

तिसरा म्हणाला, "चार दिवस दम धरा. कुणी आलं नाही तर गाडी तुमचीच. रान तुमचं, गाडी तुमची."

एवढ्यात आबांची कारभारीण न्याहारी घेऊन आली. ती म्हणाली, "कुणाला काय सांगू नगा. पोलीस इचारतील, गाडी तुमच्याच रानात कशी आली? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

आबा तसेच माझ्या ओट्यावर आले. म्हणाले, "गुरुजी, पेरणी खोळंबली. काय करू?"

हे चारही सल्ले आपलेपणाचे होते, पण चारही चुकीचे होते. का चुकीचे, ते एकेक करून पाहू.

"रान तुमचं, गाडी तुमची" हे खरे का?

शेजाऱ्याची गाय चुकून आपल्या गोठ्यात आली, तर ती आपली होते का? होत नाही. आपण तिला चारा घालतो, पाणी पाजतो आणि मालकाला निरोप धाडतो. गाडीचेही तसेच आहे. जमीन आपली म्हणून जमिनीवर सोडलेली वस्तू आपली होत नाही. चार दिवसांनी होत नाही आणि चार महिन्यांनीही होत नाही.

कायदा हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी १८६० सालचा दंडविधान होता. नव्या संहितेच्या कलम ३१४ चा अर्थ साध्या भाषेत असा: सापडलेली वस्तू जपून ठेवण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी घेतली, तर गुन्हा नाही. पण मालक ठाऊक आहे, किंवा शोधण्याचे साधन हाताशी आहे, आणि तरी वस्तू स्वतःची करून घेतली, तर गुन्हा आहे. त्याला कमीत कमी ६ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षे कैद आहे. शिवाय दंड आहे.

आता गाडीचा मालक शोधण्याचे साधन तर गाडीवरच लिहिलेले असते. तो म्हणजे तिचा नंबर. तेव्हा "मालक कोण ते मला कळले नाही" हे बोलणे टिकत नाही.

"बॅटरी काढून घ्या" हे बरे का?

जो नियम गाडीला, तोच बॅटरीला, टायरला आणि आतल्या टेपला. त्यात आणखी एक धोका आहे. समजा, गाडी चोरीची निघाली. पोलीस आले. गाडीला बॅटरी नाही, आणि बॅटरी आबांच्या घरात! मग आबा कितीही सांगोत, "मी चोर नाही," ते पटवून देता देता त्यांच्या नाकी नऊ येतील. शंभर रुपयांच्या लोभाने हजाराचे लचांड मागे लागते.

"ओढून डांबरीवर सोडू" हे शहाणपण का?

नाही. अंधारात ती गाडी कुणाला दिसली नाही, आणि कुणी मोटारसायकलवाला तिच्यावर आदळला, तर? रस्त्यावर धोका होईल अशी गाडी ठेवणे हाही गुन्हा आहे. ओढताना गाडी मोडली, तर नुकसानीचा बोल आपल्यावर येतो. चाकांचे माग, बोटांचे ठसे, सगळे पुसून जाते. ज्यांच्यावरून खरा चोर सापडला असता, ते आपण आपल्या हाताने घालवतो. गाडी ओढ्यात ढकलणे किंवा पेटवून देणे, हे तर त्याहून वाईट.

"कुणाला सांगू नका" हे तरी बरोबर का?

हा सल्ला सगळ्यांना बरा वाटतो. मलाही एकदा वाटला होता. म्हणून माझी चूक तुम्हांला सांगतो.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. शाळेच्या मागच्या आवारात कुणीतरी एक जुनी जीप आणून सोडली. मी म्हणालो, "ज्याची असेल तो नेईल." आठ दिवस गेले. पंधरा दिवस गेले. मी कुणाला कळवले नाही. उगाच चौकशीचा ताप कशाला, असे मला वाटले.

एका दिवशी सकाळची शाळा सुटायची वेळ होती. चैत्राचे ऊन. दुसरीतला एक मुलगा लपंडाव खेळता खेळता त्या जीपमध्ये शिरला. दार लागले. ते आतून उघडेना. काचा बंद. बाहेर कुणाला पत्ता नाही. नशिबाने आमचा शिपाई त्या बाजूने चालला होता. त्याला काचेवर लहान हाताची थाप ऐकू आली. त्याने दगडाने काच फोडली आणि मुलाला बाहेर काढले. मुलगा घामाने निथळत होता. त्याला धड बोलता येत नव्हते.

मुलगा वाचला. त्याची आई धावत आली. तिने मला एकच विचारले, "गुरुजी, ती गाडी तुम्हांला दिसत नव्हती का?"

मला उत्तर देता आले नाही. अजूनही देता येत नाही.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत उष्णता फार झपाट्याने वाढते. दहा मिनिटांत ती सुमारे १० अंशांनी चढते. लहान मुलाला ती मोठ्या माणसाच्या आधी बाधते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिल भागात दोन लहान भावंडे एका बेवारस मोटारीत मेलेली सापडली. खेळायला म्हणून मुले घराबाहेर पडली होती. म्हणून सांगतो, बेवारस गाडी ही नुसती उभी असलेली वस्तू नव्हे. ती उघडी विहीर आहे असे समजा. उघडी विहीर दिसली तर आपण गप्प बसतो का?

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या ध्यानात धरा. गाडीला हात लावायचा नाही. आणि गप्पही बसायचे नाही.

मग करायचे काय?

आबांना मी जे सांगितले, तेच तुम्हांला सांगतो.

*पहिले काम: माणूस पाहा.* गाडीत कुणी पडलेले आहे का? आसपास कुणी जखमी आहे का? कधी कधी अपघात होऊन गाडी रानात घुसते आणि चालवणारा दहा पावलांवर बेशुद्ध पडलेला असतो. असे असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवा. १०८ नंबरला फोन करा. रुग्णवाहिका येते. जीव वाचवण्यासाठी काच फोडावी लागली तर फोडा. जखमी माणसाला चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातली गेली.

*दुसरे काम: लांब राहा.* पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर बिडी-काडी पेटवू नका. आत वायरी, डबा, अनोळखी पिशवी असे काही दिसले तर पोरांना घेऊन दूर जा आणि ११२ नंबरला फोन करा. हा नंबर पोलिसांचा आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी उगाच भिववतात. नाही. मुंबईच्या दोन गोष्टी सांगतो.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकापाठोपाठ बाँब फुटले. २५७ माणसे गेली. त्याच दिवशी वरळीला एक मारुती व्हॅन कुणीतरी सोडून गेले होते. पोलिसांनी पाहिले तर आत रायफली आणि हातबाँब. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या एका घरापर्यंत पोहोचले. तिथे एका स्कूटरची किल्ली मिळाली. ती किल्ली दादर भागात सापडलेल्या एका स्कूटरला लागली. त्या स्कूटरमध्ये न फुटलेला बाँब होता. एवढ्या मोठ्या कटाचा धागा सोडून दिलेल्या एका गाडीवरून हाती आला.

दुसरी गोष्ट अलीकडची. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी दक्षिण मुंबईत रस्त्याच्या कडेला सोडलेल्या एका मोटारीत जिलेटिनच्या २० कांड्या सापडल्या. विहीर फोडायला सुरुंगात वापरतात, तसल्या कांड्या. त्या गाडीवरची नंबराची पाटीही खोटी होती.

दर गाडीत असे काही नसते. बहुतेक वेळा नसतेच. पण गाडीत काय आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून हात लावायचा नाही.

*तिसरे काम: विचारपूस करा.* शेजारच्या वस्तीवर लग्न आहे का? कुणाचा पाहुणा आला आहे का? गाडी बंद पडली म्हणून कुणी मिस्त्री आणायला गेला आहे का? शेजारीपाजारी विचारा. पण विचारपूस तासा-दोन तासांची असावी. तिचे चार दिवस होऊ देऊ नका.

*चौथे काम: लिहून घ्या.* आता तुम्हांला लिहिता-वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा. गाडीचा नंबर, रंग आणि गाडी पहिल्यांदा कधी दिसली, ती तारीख व वेळ लिहा. मोबाइल असेल तर चार बाजूंनी फोटो काढा. बांध फुटला असेल, पीक चिरडले असेल, तर त्याचाही फोटो काढा.

गाडीचा नंबर कसा वाचावा, तेही सांगतो. पहिली दोन अक्षरे राज्याची. एमएच म्हणजे महाराष्ट्र. जीए म्हणजे गोवा. केए म्हणजे कर्नाटक. पुढचे दोन आकडे नोंदणी कचेरीचे. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर. त्यानंतर अक्षरे आणि शेवटी गाडीचा स्वतःचा आकडा. घरात शिकलेला मुलगा असेल तर तो मोबाइलवर एम-परिवहन या सरकारी सोयीत हा नंबर घालून गाडी कोणती, कुठली ते पाहू शकेल. मालकाचे नाव त्यात पूर्ण दिसत नाही. पण पाटीवरचा नंबर एका गाडीचा आणि समोर उभी दुसरीच गाडी असेल, तर काहीतरी काळेबेरे आहे, एवढे कळते.

चोर पाटी बदलतो. पण गाडीच्या लोखंडावर ठोकलेला चेसिस नंबर असतो. नव्या गाड्यांना तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. इंजिनाचाही वेगळा नंबर असतो. ते पाहणे पोलिसांचे काम. आपण त्यासाठी गाडी उघडायची नाही.

*पाचवे काम: त्याच दिवशी कळवा.* गावात पोलीस पाटील असतात. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद आले. त्यांना आधी सांगा. ते ठाण्याला कळवतील. पण तेवढ्यावर थांबू नका. आपला स्वतःचा अर्ज ठाण्यात द्या.

अर्ज कसा लिहावा

अर्जाला वकील लागत नाही. साध्या भाषेत, जे पाहिले तेवढेच लिहावे. नमुना पाहा.

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
…… पोलीस ठाणे.

विषय : माझ्या शेतात बेवारस मोटार उभी असल्याबाबत.

महाशय,

मी …… राहणार …… तालुका …… माझी जमीन गट नंबर …… मध्ये आहे. दिनांक …… रोजी सकाळी …… वाजता मी शेतात गेलो असता तिथे एक मोटार उभी दिसली. रंग …… नंबर …… मोटारीत व आसपास कुणी नाही. ही मोटार माझी नाही. ती कुणी व केव्हा ठेवली हे मला माहीत नाही. मी किंवा माझ्या घरच्यांनी तिला हात लावलेला नाही. माझ्या शेताचे …… नुकसान झाले आहे. तरी मोटार ताब्यात घ्यावी व माझ्या अर्जाची नोंद करावी, ही विनंती.

दिनांक ……
आपला,
(सही)

अर्जाच्या दोन प्रती करा. एक ठाण्यात द्या. दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. तिला पोच म्हणतात. ती पोच सातबाऱ्यासारखी जपून ठेवा. उद्या कुणी विचारले, "गाडी तुमच्या रानात कशी?" तर तुम्ही पोच दाखवा. म्हणा, "दिसली त्याच दिवशी मी कळवले आहे." पुष्कळशा गोष्टी तिथेच मिटतात.

आबांच्या कारभारणीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. "पोलीस आपल्यालाच धरतील" ही भीती खोटी नाही. पण जो कळवतो त्याच्यापेक्षा, जो लपवतो त्याच्यावर संशय अधिक येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरे. ती चढावी लागू नये, म्हणूनच वेळेवर अर्ज द्यायचा.

पोलीस म्हणाले, "राहू द्या तिथेच," तर?

कधी कधी असे होते. ठाण्यात माणसे कमी असतात. गाडी ओढायचे साधन नसते. अशा वेळी भांडू नका. पण पोच घेतल्याशिवाय परतूही नका. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ सालचा आहे. बेवारस वस्तू पोलिसांकडे सोपवली, तर ती तात्पुरती ताब्यात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले आहे. अर्ज घेतलाच नाही, तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती ठेवा.

एक फरक मात्र समजून घ्या. गाडी सार्वजनिक जागी, म्हणजे रस्त्यावर किंवा चौकात, दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस पडून राहिली, तर पोलिसांना ती उचलता येते. हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. तो नियम सार्वजनिक जागेचा आहे. तुमचे रान ही तुमची खासगी जागा. तिथे गाडी आहे हे पोलिसांना आपोआप कळत नाही. म्हणून तुमच्या अर्जाला महत्त्व.

पोलीस येईपर्यंत पोरांना गाडीजवळ जाऊ देऊ नका. चार बाभळीच्या फांद्या भोवती टाका. गाडीमुळे वाटच अडली असेल, तर ठाण्याला विचारून आणि पोलीस पाटलांच्या समोरच ती हलवा.

पंचनामा

पोलीस गाडी ताब्यात घेतात तेव्हा पंचनामा करतात. दोन पंच बोलावतात. गाडी कुठे होती, कशी होती, आत काय होते, ते सगळे लिहितात. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नियमांप्रमाणे अशा जप्तीचे चित्रणही करायचे असते.

तुम्हांला सही करायला सांगतील. थांबा. आधी वाचा. आजवर आपण अंगठा उठवत होतो. काय लिहिले आहे, हे दुसरा सांगेल तेच खरे मानत होतो. आता तसे नाही. सावकाश वाचा. अक्षर लागले नाही तर विचारा. "गाडी मी ठेवली" किंवा "गाडी माझ्या ताब्यात होती" असे चुकून लिहिलेले असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. वाचायला पाच मिनिटे लागली, तर कुणी रागावत नाही. आणि रागावले तरी वाचा.

पुढे त्या गाडीचे काय होते?

पोलीस ती गाडी आपल्या मर्जीने कुणाला देऊन टाकत नाहीत. मॅजिस्ट्रेटला कळवतात. मालक सापडला तर तो कागदपत्रे दाखवतो आणि कोर्टाच्या हुकमाने गाडी नेतो. मालक सापडला नाही तर कोर्ट जाहीरनामा काढते. ज्याचा हक्क असेल त्याने ६ महिन्यांत यावे, असे त्यात असते. त्या मुदतीत कुणी आले नाही, तर कोर्टाच्या हुकमाने गाडी सरकारच्या स्वाधीन होते आणि तिची विक्री करता येते.

गाडी अजून तुमच्या रानात आहे आणि कुणी येऊन म्हणाला, "ही माझी, मी नेतो," तर? हातात किल्ली आहे म्हणून गाडी त्याचीच, असे नाही. गोड बोला, चहा पाजा, पण ठाण्याला फोन करा. त्याला म्हणा, "दादा, मी अर्ज दिला आहे. साहेबांसमोर कागद दाखवा आणि खुशाल न्या." खरा मालक असेल तर थांबेल. खोटा असेल तर चहा न पिताच जाईल.

तुमचा बांध फुटला, पीक गेले, तर त्याची भरपाई मालकाकडे मागण्याचा तुम्हांला हक्क आहे. त्यासाठी फोटो आणि पंचनामा उपयोगी पडतो. पण "आधी इतके हजार टाक, मग गाडी सोडतो" अशी अडवणूक करू नका. नुकसान जेवढे, मागणे तेवढेच.

ओळखीच्या माणसाने ठेवलेली गाडी

कधी गाडी परक्याची असते, पण माणूस ओळखीचा असतो. भाडेकरू खोली सोडून जातो आणि मोडकी गाडी अंगणात ठेवतो. "आठ दिवसांत नेतो," म्हणतो. आठाचे आठ महिने होतात.

इथे गाडी बेवारस नाही. मालक ठाऊक आहे. तेव्हा ती भंगारात विकून टाकू नका. त्याला आधी तोंडी सांगा. मग स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. अमुक तारखेपर्यंत गाडी न्यावी, असे लिहा. पत्राची नक्कल आणि पावती ठेवा. तरीही नेली नाही, तर ठाण्यात अर्ज द्या किंवा वकिलाचा सल्ला घ्या. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि गरीब माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो.

आबांचे पुढे काय झाले?

आबा माझ्या ओट्यावरच बसले. मी म्हणालो, "आबा, अर्ज मी लिहून देऊ का?"

आबा म्हणाले, "नको गुरुजी. रात्रीच्या वर्गात दोन वर्षं कशाला बसलो? मीच लिहितो. तुम्ही फक्त चुका बघा."

अर्ध्या तासात सात ओळी लिहिल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. पण तारीख होती, वेळ होती, नंबर होता आणि "हात लावलेला नाही" हे ठळक होते. आणखी काय हवे? आबा पोलीस पाटलांना घेऊन ठाण्यात गेले आणि पोच घेऊनच परत आले. संध्याकाळी पोलीस आले. पंचनामा झाला. आबांनी तो वाचला. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेली. तोवर आबांनी विहिरीकडचा तुकडा सोडून बाकीचे रान पेरून घेतले होते.

दोन महिन्यांनी एक तरणा माणूस गावात आला. सोलापूरकडचा. ती गाडी त्याची होती. भाड्याने चालवायचा. त्यावर घर चालायचे. गाडी कर्जाची होती आणि हप्ते तटलेले नव्हते. एका रात्री ती दारातून चोरीला गेली. चोरांनी आबांच्या रानात घातली आणि चिखलात रुतली म्हणून सोडून पळाले.

तो आबांच्या पाया पडला. म्हणाला, "आबा, गाडी जशीच्या तशी मिळाली. बॅटरीसुद्धा जागेवर होती. नाहीतर मी उभा राहिलो नसतो."

बॅटरीचे नाव निघाले तसा पहिला सल्ला देणारा पोरगा खाली मान घालून हसला.

त्या माणसाने खिशात हात घातला. आबा म्हणाले, "पैसे नकोत. बांध तेवढा फुटला आहे." तो माणूस दिवसभर राहिला. आबांबरोबर त्याने माती ओढली, दगड लावले, बांध नीट केला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेला.

मंडळी, आपल्या रानातली परक्याची गाडी ही आपली नसते. पण ती कुणाची तरी असते. कुणाच्या तरी घरची भाकरी असते. आपण हात लावला नाही आणि वेळेवर कळवले, की आपले काम झाले.

लक्षात ठेवा

१. आधी माणूस पाहा. जखमी असेल तर १०८.
२. गाडीला हात लावू नका. संशय आला तर लांब जाऊन ११२ ला फोन करा.
३. मुलांना गाडीजवळ जाऊ देऊ नका.
४. नंबर, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. फोटो काढा.
५. त्याच दिवशी पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवा.
६. अर्ज द्या. पोच घ्या. पोच जपून ठेवा.
७. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.